वासरं वर, बैल खाली

"दूध? कुणाचं?"

आमचे गुरांचे डॉक्टर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. रत्नागिरीच्या सरकारी ढोरदवाखान्यात कंपौंडर म्हणून मी रुजू व्हायला गेलो, आणि वरिष्ठांवर छाप पाडावी म्हणून घरून तांब्याभर चहा नेला. आईनं दाट दुधाचा, वेलची घातलेला चहा दिला होता. डॉक्टरांनी पेल्यात डोकावून पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यात कुणाचं तरी रक्त आणलं होतं.

"गाईचं," मी म्हटलं.

"गाईचं नसतं, वासराचं असतं. वासरू कुठाय?"

"होतं. गेल्याच महिन्यात गेलं."

"मग हा काय त्याच्या तेराव्याचा चहा?"

ते जन्मभर गुळाचा कोरा चहा प्यायले. कुणाच्या घरी चहा पुढे आला, की आधी उठून गोठ्यात जायचे. वासराच्या बरगड्या दिसल्या तर पेला उंबऱ्यावर ठेवायचे आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात यजमानाला विचारायचे, "शिंच्यांनो, त्याच्या तोंडातलं काढून माझ्या तोंडात घालता?" त्यामुळे गावात त्यांना चहाची बोलावणी येईनाशी झाली. गुरं आजारी पडली की मात्र बोलावणं येई. ते जात. तेही चिडूनच.

राग हा त्यांच्या अंगातला कायमचा कोट होता. ऋतू कुठलाही असो, तो उतरत नसे. एकदा सकाळभर ते गप्प होते, तेव्हा मला धास्ती वाटली, की यांना ताप तर नाही? कपाळाला लावून बघावं म्हणून मी हात पुढे नेला. ताप नसल्याची खात्री लगेच पटली, आणि पुढचा अर्धा दिवस पटत राहिली.

माणूस मंडणगडाकडचा. तिकडच्या डोंगरात लहानपणी गुरांमागे हिंडलेला, मग मुंबईला गुरांच्या कॉलेजात शिकलेला. तिथे शर्यतीच्या घोड्यांची चांगली नोकरी मिळत होती म्हणे. ती सोडून या शेणात का आलात, असं मी एकदा विचारलं.

"घोड्याकडे बघायला अख्खी मुंबई आहे," ते म्हणाले. "वासराकडे बघायला एक त्याची आई. आणि तिलाही तुम्ही दावणीला बांधता."

माझं शिक्षण सांगण्यासारखं नाही. मॅट्रिकला इतक्यांदा बसलो की परीक्षक माझं अक्षर ओळखू लागले असावेत. वडिलांना मला मामलेदार कचेरीत चिकटवायचं होतं. तिथे जागा नव्हती, इथे होती. काम शेणाचं. गुराचं ताजं शेण आणायचं, मिठाच्या दाट पाण्यात कालवायचं, थोडा वेळ थांबायचं. जंतांची अंडी त्या पाण्यावर तरंगून येतात. तो वरचा थेंब काचेवर घ्यायचा आणि दुर्बिणीखाली बघायचा.

पहिल्याच दिवशी मी बघितलं आणि ओरडलो. काचेवर लांब, काळे, वाकडे किडे एका रांगेत उभे होते, आणि हलत होते! असले जंत कुठल्याच पुस्तकात नव्हते. आपल्या नावानं ओळखले जातील की काय, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. डॉक्टरांनी मला बाजूला सारलं, बघितलं, पुन्हा मला बघायला लावलं आणि म्हणाले, "डोळे मिचकवा."

मिचकवले. किडेही खाली-वर झाले.

"या जंतांना औषध नको," डॉक्टर म्हणाले. "न्हाव्याला बोलवा. पापण्या आहेत तुमच्या, विद्वान!"

तेव्हापासून त्या दवाखान्यात माझं नाव विद्वान पडलं. पुढे गुरंसुद्धा त्या हाकेला मान वर करून माझ्याकडे बघत.

डॉक्टरांना ध्यास एकच, वासरांच्या पोटातले जंत. गावोगावचं शेण त्यांनी वर्षानुवर्षं, महिन्यामहिन्याला बघितलं होतं. ते बघून त्यांनी दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर कोळशानं एक पंचांग काढलं होतं. एकीकडे महिने, दुसरीकडे जनावराचं वय. आषाढ: वासराच्या पोटात शिरतात. श्रावण: वाढतात. भाद्रपद: अंडी घालतात. आश्विन: वासराच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. कार्तिक, याच्यापुढे नुसतं एक आडवं वासरू काढलं होतं, चार पाय सरळ. चैत्र-वैशाखापुढे काहीच नव्हतं. आणि मोठ्या बैलाच्या रांगेत बाराही महिने जवळजवळ कोरे.

"मोठं जनावर मुरलेलं असतं," ते मला समजावत, म्हणजे ओरडत. "दोन-तीन पावसाळे खाऊन त्याच्या अंगाला जंताची ओळख झालेली असते. चार जंत पोटात असले तरी ते नांगर ओढतं. वासरू कोरं. पहिल्या पावसात जे गवत खाईल त्यातून सगळं सैन्य आत. आणि तुमचं सरकार काय करतं? बैलाचं नि वासराचं शेण एकाच टोपलीत कालवतं आणि म्हणतं, जिल्ह्यातली गुरं बरी आहेत! आजोबा नि नातू मिळून सरासरी तरुण, असला हिशेब!"

सरकारवर त्यांचा राग होता तो याहून मोठा होता, आणि तो समजायला बोटी समजून घ्याव्या लागतात. आमची रत्नागिरी मुंबईला जोडलेली ती आगबोटीनं. आगोट लागली, पाऊस तोंडावर आला, समुद्र खवळला, की बोटी बंद. त्या पुन्हा सुरू व्हायच्या पाऊस सरताना. घाटानं येता येतं, पण भिजायला कोण साहेब येतो? म्हणून तपासणीचे साहेब यायचे ते चैत्रात. समुद्र शांत, आंबे तयार. ते चैत्रातलं शेण बघायचे. चैत्रात कातळ तापलेला, गवत जळलेलं, जंतांची अंडी उन्हात करपलेली. शेणात काही सापडायचं नाही. साहेब लिहायचे, रत्नागिरीत जंतांचा त्रास नगण्य, औषधाची मागणी कमी करावी. आणि मागणी कमी व्हायची.

"चैत्रात येऊन लिहा ना, की कोकणात पाऊसही पडत नाही!" डॉक्टर त्या भिंतीपुढे उभं राहून भिंतीला सांगत. "जंतांचा हंगाम आणि बोटींची सुट्टी एकच. जंतांना कळलंय हे! साहेबाला कळत नाही!"

मध्येच माझं लग्न सांगतो, कारण त्यातही शेण आहे. पालीला मुलगी बघायला जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, जाताच आहात तर त्या बाजूच्या एका आजारी वासराचं शेण घेऊन या. मी आधी शेण घेतलं, केळीच्या पानात नीट गुंडाळलं, सुतळी बांधली. पिशवीत पेढेही होते, तेही केळीच्या पानात, तीच सुतळी. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. मुलीच्या आजोबांनी देवापुढे ठेवायला म्हणून पुडा सोडला.

परत येऊन मी डॉक्टरांना घडलेलं सांगितलं, निदान आज तरी हा माणूस हसेल म्हणून. ते लालबुंद झाले.

"लग्न मोडलं तर दुसरं जमेल! त्या वासराचं शेण कुठाय?"

"त्यांनी... परसात फेकलं."

"आणि वासरू?"

"ते काल गेलं म्हणतात."

लग्न मोडलं नाही, हे ओघात सांगतो. ती मुलगी माझ्या घरी आली आणि आजतागायत माझ्या हातचा कुठलाही पुडा सोडून बघितल्याशिवाय आत नेत नाही.

त्याच पालीच्या अलीकडे, कोल्हापूरच्या रस्त्यावरून खाली उतरलं की एक वाडी आहे. तिथे भागाबाई राहायची. मुलगा मुंबईला गिरणीत, सून आणि ती दोघी शेती बघायच्या. बैलजोडीतला एक बैल म्हातारा होऊन मेला होता, ढवळ्या तेवढा उरला होता. त्याच्या जोडीला म्हणून तिनं एका मागून एक दोन पाडे वाढवायला घेतले, आणि दोन्ही कार्तिकात गेले, जबड्याखाली पिशवी लोंबून. आता मोऱ्या नावाचा तिसरा पाडा होता. एका बैलानं नांगर चालत नाही. दुसऱ्याची जोडी मोकळी होईपर्यंत थांबायचं, तर तोवर पाऊस पुढे गेलेला असतो आणि भाताच्या रोपांचा तरवा वाफ्यातच पिवळा पडतो. मोऱ्या गेला तर शेत पडीक राहणार, हे वाडीतल्या लहानथोरांना माहीत होतं.

दुसरा पाडा मेला तेव्हा डॉक्टरांनी तो तिथेच अंगणाबाहेर चिरून आतले जंत लोकांना दाखवले होते. म्हणजे दाखवायला गेले. लोक तोंड फिरवून पांगले. मेल्या वासराला कापणारा हा कसला बामण, म्हणून वाडीत बभ्रा झाला, आणि इकडे रत्नागिरीत त्यांच्या घरमालकानं त्यांना विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय आत घेतलं नाही. डॉक्टर अंघोळ करताकरता घरमालकाला विचारत होते, "जिवंतपणी त्याची बरगडी न् बरगडी दिसत होती तेव्हा कुणाला नाही विटाळ झाला?"

वाडीच्या वर कातळाचा सपाट, उघडा सडा, खाली पऱ्या, म्हणजे ओढा. पऱ्याकाठी पावसाळ्यात अशी लुसलुशीत हिरवळ माजते की माणसालाही चरावंसं वाटावं. वाडीची रीत अशी, की मोठी गुरं वर सड्यावर न्यायची आणि वासरं खाली पऱ्याकाठी सोडायची. कोवळ्या जिवाला कोवळं गवत. घराजवळ, नजरेसमोर. मायेनं चाललेली रीत. डॉक्टरांच्या मते वासरं मरत होती ती या मायेनं.

लावणी आटोपल्यावर ते मला घेऊन वाडीत गेले आणि पारावर उभे राहिले.

"उद्यापासून उलटं करायचं. वासरं वर, बैल खाली!"

सगळ्यांआधी मीच बोललो. गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही. म्हटलं, "पण डॉक्टर, लहान मुलाला आपण मऊ भातच देतो ना?"

"मऊ भात! अहो विद्वान, त्या भातात सापाची पिल्लं सोडून वाढाल का? ओल्या गवताच्या पातीपातीवर जंत चढून बसलेत तिथे. सगळ्या वाडीची वासरं तिथेच शेण टाकतात, तिथेच चरतात. मी औषध देऊन आज काढले, तर उद्या तेच पुन्हा पोटात. वर कातळावर पाणी ठरत नाही, वारा असतो, उघडीप पडली की ऊन लागतं. गवत आखूड असेल, असू दे. बैलांना सोडा खाली, त्यांना नाही काही होत."

"वर वाघ हाय," भागाबाई म्हणाली. आमच्याकडे बिबळ्यालाही वाघच म्हणतात. "बैलाच्या वाटेस जात नाय तो. वासरू उचलतो."

"आणि खाली जंत आहेत!"

"वाघ दिसतो तरी वो डाक्तर. तुमचा जंत कुनी बघितलाय?"

"दाखवायला आलो तेव्हा तोंड फिरवलंत!"

"माजा पाडा व्हता तो," ती म्हणाली. "तुमी पोट फाडलंत न् मी बघत बसू?"

डॉक्टर एक पाऊल मागे सरले. मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. मग ती पदर खोचून पुढे आली.

"वासरू वर न्या म्हंता. वाघानं नेला मोऱ्या, तर पुढच्या साली नांगराला तुमी जुंपून घेनार?"

लोक हसले.

"तुमीच राखा मग!"

"राखतो," डॉक्टर म्हणाले. "आवाज कमी करा. राखतो म्हटलं ना!"

आणि त्यांनी राखली. रजेचा अर्ज केला, त्यात कारण लिहिलं: सड्यावर वासरं चारावयाची असल्याने. मी पाया पडलो, की निदान ताप आला असं लिहा. म्हणाले, "ताप मला नाही, खात्याला आला पाहिजे." रजा नामंजूर झाल्याचं उत्तर आलं ते दिवाळी झाल्यावर. तोवर ते रजा भोगून परत आले होते.

श्रावण, भाद्रपद ते वाडीतच राहिले, भागाबाईच्या पडवीत. मोऱ्या आणि ज्यांची वासरं पूर्वी मेली होती अशा आणखी काही घरांची वासरं घेऊन सकाळी सड्यावर जायचे, दिवस कलला की उतरायचे. बाकीच्या घरांनी आपली खालीच ठेवली. दवाखाना माझ्या हाती होता. त्या काळात रत्नागिरीतली बरीच गुरं आपोआप बरी झाली, कारण लोक त्यांना माझ्याकडे आणायला भीत.

पोस्ट आणि गूळ-चहा पोचवायला मी अधूनमधून मोटारीनं वाडीला जायचो. असाच एका दुपारी सड्यावर चढलो. धुकं उतरलेलं, पाऊस बारीक. डॉक्टर डोक्यावर घोंगडी घेऊन दगडावर बसले होते, मांडीवर छत्री. वासरं आखूड गवत ओरबाडत होती. मी पिशवी देतो न देतो, एवढ्यात वासरं एकाएकी एकमेकांना चिकटली. पलीकडच्या काळ्या कातळावरून एक तुकडा सुटा झाला आणि चालू लागला. बिबळ्या.

नंतरचं मला अगदी स्वच्छ दिसलं, कारण मी काजूच्या झाडावर होतो. केव्हा चढलो ते आठवत नाही. पुढे उतरवायला मात्र वाडीतून माणसं आणावी लागली, हे आठवतं.

डॉक्टर उठले. छत्री खाडकन उघडली आणि सरळ त्या जनावराच्या अंगावर चालत गेले, माझ्या अंगावर येत तसेच.

"कुठे निघालास? आँ? लाज नाही वाटत? इतक्या मुश्किलीनं जंतांपासून वाचवायची आणि तुझ्या घशात घालायची? तुझ्या पोटात काय कमी किडे आहेत, शिंच्या? ये, ये इकडे, तपासतो तुला! चालता हो!"

बिबळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला माझीच नजर दिसली: या माणसाचं आपण नेमकं काय बिघडवलंय, ही. मग तो वळला आणि धुक्यात निघून गेला. डॉक्टर बराच वेळ त्या धुक्याला बोलत होते. मग झाडाकडे बघून म्हणाले, "विद्वान, गूळ कुठाय?"

गूळ मी खाली टाकला होता. मोऱ्या तो चाटत होता.

दसऱ्याला वासरं उतरली. वरची वासरं तुकतुकीत होती, शेपट्या वर करून उधळत वाडीत शिरली. खाली राहिलेल्यांच्या जबड्याखाली पिशव्या लोंबायला लागल्या होत्या. कार्तिकात त्यांतली काही गेली. मोऱ्या राहिला. भागाबाईनं त्याच्या कपाळाला हळद लावली आणि त्याच हातानं डॉक्टरांच्याही लावायला गेली. ते ओरडले, "मला नको! डोळ्याची पापणी खाली ओढून बघा त्याच्या. लाल आहे ना? जंतांनी रक्त शोषलेलं नाही! झालं तर!"

वाडीत बोलणं उठलं, की डाक्तरानं सड्याच्या गवतावर काहीतरी मंत्र टाकला. हे कानावर आलं तेव्हा त्यांचा जो राग मी पाहिला, तो बिबळ्यानंही पाहिला नव्हता. "मंत्र! एवढं गळा फाडून सांगितलं आणि ऐकलं काय, तर मंत्र!"

मग चैत्र आला, बोटीनं साहेब आले. साहेब आपलेच होते, टोपी तेवढी विलायती. या वेळी डॉक्टर तयारीत होते. मला म्हणाले, "उद्या त्यांना भिंतीपुढे उभं करतो. वर्षानुवर्षांचं शेण आहे त्या भिंतीवर. महिने, वय, सगळं. डोळे असतील तर दिसेल. तुम्ही फक्त दवाखाना नीट ठेवा."

मी दवाखाना नीट ठेवला. पहाटे उठून झाडला, पुसला, गुरं अडकवायचा खोडा धुतला, आणि चुन्याची बादली आणून आतून सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. मागचीसुद्धा. दोन हात दिले, कारण कोळसा पुन्हा पुन्हा वर येत होता.

साहेबांना घेऊन डॉक्टर आत आले, हात भिंतीकडे केला आणि म्हणाले, "हे पाहा."

साहेबांनी पाहिलं. म्हणाले, "छान. स्वच्छता चांगली आहे."

त्या तपासणीच्या शेऱ्यात आमच्या बाजूचं तेवढं एकच वाक्य आहे. कचेरीच्या गाडीबैलांचं शेण तपासलं गेलं; निकाल नेहमीचाच. डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "श्रावणात या! होडीनं या, पोहत या, पण श्रावणात या. आणि बैल राहू द्या, वासरू बघा!" साहेब थंडपणे म्हणाले, "श्रावणात तुम्ही स्वतः तरी इथे होता का?" आणि तो नामंजूर अर्ज पुढे ठेवला. सरकारी दवाखाना सोडून गुराख्याचं काम केल्याबद्दल डॉक्टरांची बदली झाली देशावरच्या एका दुष्काळी तालुक्यात. तिथे पाऊस नव्हता, गवत नव्हतं आणि जंतही नव्हते. माणसाला शिक्षा कशी द्यावी हे सरकारला बरोबर कळतं.

साहेब गेल्यावर मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. डॉक्टर पांढऱ्या भिंतीपुढे उभे होते. म्हणाले, "दोन हात दिलेत?"

"हो."

"बरा बसलाय चुना," ते म्हणाले. त्यांनी मला घातलेली सगळ्यात मोठी शिवी हीच.

मांडवी बंदरावर त्यांना पोचवायला मी एकटाच होतो. बोटीपर्यंत नेणारा पडाव भरत होता. आगबोट दूर उभी होती. एवढ्यात वाळूतून भागाबाई आली, मोऱ्याला दाव्याला धरून. पालीकडून चालत आली होती ती, भर वैशाखात. मला वाटलं, आता तरी माणूस विरघळेल.

"अक्कल आहे का?" डॉक्टर गरजले. "या उन्हात जनावराला एवढं चालवलंत? पाणी पाजलंत वाटेत?"

"पाजलं वो."

त्यांनी मोऱ्याची पापणी खाली ओढली. लाल होती. जबड्याखाली हात फिरवला, तो गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तिथेच राहिला.

"हा पावसाळा अजून वरच. वरही थोडेफार जंत पोटात जातात, तेवढ्यानं अंग मुरेल. पुढच्या वर्षीच्या आगोटीपासून याला खाली सोडायचं, ढवळ्याबरोबर. हा आता मोठा झाला म्हणून वरच ठेवायचे लाड नकोत. वरची जागा नव्या वासरांची. कळलं?"

"न् वाघ? राखील कोन?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला पाहून बहुधा त्यांनी काजूचं झाड आठवलं. ते पडावात बसले आणि पडाव निघाल्यावर छत्री हलवून नावाड्याला ओरडायला लागले, की तोल कुठे ठेवलायस.

तिकडेच ते वारले असं पुढे कळलं. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर शांत, हसतमुख आणि चहात दूध घेणारे होते. मी कोळशानं भिंतीवर पंचांग पुन्हा काढलं. त्यांनी ते पुसायला लावलं. मग खात्याकडून छापील पत्रक आलं, की जनावरांना जंतांचं औषध वर्षातून एकदा, चैत्रात द्यावं. ते दवाखान्यात लावायचं काम माझंच. मी ते उलटं चिकटवलं, शब्द भिंतीकडे. हे चुकून झालं नव्हतं. माझ्या हातून ठरवून नीट झालेली ती एवढीच गोष्ट असेल.

बऱ्याच वर्षांनी, श्रावणातच, टोचणीच्या कामानं त्या वाडीला गेलो. पऱ्याकाठी बैल चरत होते. त्यांत एक भला थोरला मोऱ्या होता. वर सड्यावर पाहिलं तर अख्ख्या वाडीची वासरं! राखायला घरटी पाळी लावलेली. मी धापा टाकत वर गेलो. तिथे भागाबाई होती, पार वाकलेली, आज तिच्या घरची पाळी. ज्या दगडावर डॉक्टर बसायचे त्याला शेंदूर फासलेला होता. पुढे फूल, आणि करवंटीत काळंसं पाणी.

"राखनदार हाय," भागाबाई म्हणाली. "लय कडक. दसऱ्याआधी वासरू खाली दिसलं तर आख्ख्या वाडीला शिव्या घालतो. वाघ बी येत नाय त्याच्या भ्यानं."

मी भडकलो. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तर थोडा राग माझ्यातही उतरला असणार.

"अहो, माणूस होता तो! कसला राखणदार? जंत, ओलं गवत, वासराचं वय, सगळं गळा फाडून सांगत होता. त्याला तुम्ही दगड केलात?"

"हळू बोला, कंपौंडर," ती म्हणाली. पलीकडे वासरं वळवणाऱ्या माणसांकडे तिनं एकवार पाहिलं. "माजी मती गेली नाय अजून. दगडाला शेंदूर मीच फासला. डाक्तर बोलत व्हता तवा कुनी ऐकलं? आमी ऐकलं? तुमच्या साहेबानं ऐकलं?"

तिनं सुनेनं आणलेला चहा माझ्या हातात दिला. दोन घोट घेतले, आणि काय वाटलं कोण जाणे, डोळे भरून आले. उरलेला चहा त्या करवंटीत ओतावा म्हणून मी वाकलो.

भागाबाईनं माझं मनगट धरलं, म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही इतक्या जोरात.

"दूध?" ती ओरडली. "कुनाचं?"

खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं असेल. वासरांनी माना वर केल्या. करवंटीतलं ते काळं पाणी मग मी नीट पाहिलं: गुळाचा कोरा चहा, अजून कोमट.